प्रकल्प नोंदी: फेंडर किंगमन, पण अकूस्टिक

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

गिटार दुपारी आली. फेंडर किंगमन, सहा तारांची, मोठ्या अंगाची. मालक आमच्या मराठी मंडळातलाच. इथे कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीतच एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून त्याने ती उचलली. गॅरेजच्या दारातच म्हणाला, "कुणीतरी इलेक्ट्रिक स्ट्रॅटोकास्टरची मान अकूस्टिकला ठोकलीय बघ. पण खोकं बरं आहे, म्हणून घेतली."

मान मूळचीच आहे म्हटल्यावर त्याला काही ते पटेना. पटणार तरी कसं? सहाही खुंट्या डोक्याच्या एकाच बाजूला, मान मेपलची, आणि गिटार उलटी केली तर पाठीवर चार स्क्रूंची प्लेट. अकूस्टिकची मान सरसाने चिकटवायची असते, स्क्रूने आवळायची नसते, असं आपण सगळे ऐकत आलोय. फेंडरवाल्यांनी ते ऐकलं नव्हतं किंवा ऐकून सोडून दिलं होतं.

तपासणी:

बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची ४ मिमी. म्हणजे बोटं सोलून निघतील. घोडीच्या मागे टॉप, म्हणजे समोरची फळी, फुगलेला, हात फिरवला की लगेच कळतो. टॉपला घोडीपासून शेपटीकडे एक बारीक चीर. बोटाच्या पेराने टॉप वाजवत गेलो तर एका जागी आवाज फाटतो, म्हणजे आत ब्रेस (टॉपला खालून चिकटवलेली आधारपट्टी) सुटली आहे. दोन खुंट्या जाम. बाकी अंग धडधाकट. धूळ मात्र साठ वर्षांची वाटावी इतकी.

साउंडहोलमधून आरसा आणि छोटा दिवा घातला. अपेक्षेप्रमाणे मधोमध ॲल्युमिनियमची नळी. मानेच्या ठोकळ्यापासून थेट शेपटीच्या ठोकळ्यापर्यंत. हिलाच इथले लोक 'ब्रूमस्टिक', म्हणजे झाडूचा दांडा, म्हणतात.

६ ऑक्टोबर, रविवार

मालकाचा रात्री फोन: "पण फेंडरने अकूस्टिक का केल्या?" त्याच्यासाठी लिहून ठेवतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकसंगीताची लाट आली होती आणि कॉलेजातल्या प्रत्येक पोराला अकूस्टिक हवी होती. अकूस्टिक बनवणाऱ्या मार्टिन कंपनीकडे ऑर्डरी इतक्या तुंबल्या की १९६४ मध्ये त्यांना पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात मोठा नवा कारखाना काढावा लागला. इकडे फेंडर कंपनीच्या गावी, फुलर्टनमध्ये, लिओ फेंडरला ही बाजारपेठ दिसत होती. माणूस मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला, स्वतः गिटार वाजवत नसे. टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीची मान त्याने स्क्रूने बसवली ती त्याच डोक्याने: भाग बिघडला, काढा, दुसरा लावा. पोकळ लाकडी खोक्याचं काम मात्र त्याच्याकडे कुणाला येत नव्हतं.

त्यासाठी त्याने रॉजर रॉसमाइस्लला घेतलं. जन्म १९२७, जर्मनीतलं कील. वडील वेन्झेल रॉसमाइस्ल स्वतः गिटार बनवणारे आणि गिटारींना नाव मुलाचंच, 'रॉजर'. मुलगा मिटेनवाल्डला शिकला, १९५३ मध्ये अमेरिकेत आला, थोडे दिवस गिब्सन या गिटार कंपनीत काढून रिकनबॅकर या दुसऱ्या कंपनीकडे गेला. रिकनबॅकरच्या ज्या आकारांवर लोक आजही जीव टाकतात ते बरेचसे याच्याच हातचे. १९६२ मध्ये त्याने रिकनबॅकर सोडलं आणि तो फेंडरकडे आला.

पहिल्या आल्या 'किंग' आणि 'कॉन्सर्ट'. मग मालिबू, न्यूपोर्टर, पालोमिनो, बारा तारांच्या व्हिलेजर आणि शेनँडोआ. १९६६ पासून किंगची झाली किंगमन. १९६९ मध्ये रेडोंडो. नावं वाचताना इथे राहणाऱ्याला गंमत वाटते. मालिबू, न्यूपोर्ट, रेडोंडो म्हणजे आमचे रविवारी डबा घेऊन जायचे किनारे.

मधेच, जानेवारी १९६५ मध्ये, लिओने कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकून टाकली. अकूस्टिकचा हा सगळा घाट १९७१ मध्ये आटोपला. नंतरही फेंडरच्या नावाच्या अकूस्टिक आल्या, अजून येतात, पण त्या बहुतेक दुसऱ्यांच्या कारखान्यातल्या आणि दुसऱ्या बांधणीच्या. फुलर्टनचं, मान स्क्रूने बसवलेलं हे खातं तेवढंच, जेमतेम आठ वर्षांचं.

दुर्मीळ म्हणाल तर किंगमन त्यातली सगळ्यात दुर्मीळ नव्हे. पाठ आणि बाजू झेब्रावुडच्या असलेली मिळाली तर जपावी. त्याहून वेगळी 'वाइल्डवुड': बीचच्या उभ्या, जिवंत झाडांत रंग टोचायचा, तो रसाबरोबर खोडात चढू द्यायचा आणि मग झाड कापायचं. लाकडाच्या रेषाच निळ्या-हिरव्या-जांभळ्या. दिसायला मला तरी लग्नातल्या मांडवाच्या कापडासारखी वाटते, पण शौकीन लोक तिच्यामागे वेडे आहेत. आणि मग रॉसमाइस्लने कोरलेल्या टॉपच्या दोन जॅझ गिटारी, माँटेगो आणि एलटीडी. एलटीडी इतक्या थोड्या झाल्या की प्रत्यक्ष बघायला मिळणं हेच नशीब.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी अवजारांची पूजा. पटाशा, कानशी, व्हर्नियर, सरसाचं भांडं, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. आपट्याची पानं इथे कुठून आणणार, शेजारच्या ऑर्किड ट्रीची आणली. पान तसंच जोडपान असतं, चालतं.

मुहूर्तावर मान सोडवली. तारा सैल, प्लेटचे चार स्क्रू बाहेर, मान हातात. चहा गार व्हायच्या आत.

हे किती सोपं आहे ते कळायला दुसरी बाजू माहीत पाहिजे. मार्टिनच्या जुन्या गिटारीची मान डव्हटेलमध्ये, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या खाचेत, सरसाने बसवलेली असते. तारांच्या ओढीने काही दशकांत मानेचा कोन बदलतो आणि तारा उंच होतात. मग एक फ्रेट उपटायची, तिच्या खाचेतून भोक पाडायचं, सुईने वाफ सोडायची, सरस मऊ होईपर्यंत वाट बघायची, मान ओढून काढायची, टाचेचं लाकूड केसाकेसाने तासायचं, परत चिकटवायची. कारागिराचे दिवस जातात आणि मालकाचे काही शे डॉलर. म्हणून कित्येक साध्या गिटारींना हा इलाज मिळतच नाही, भिंतीवर टांगल्या जातात.

मानेच्या बुडाला, खोबणीत दडणाऱ्या भागावर, शाईचा शिक्का सापडला. महिना ऑक्टोबर, साल ६७, शेवटी अक्षर बी. फेंडरच्या इलेक्ट्रिक मानांवर असतो तसाच. बी म्हणजे नटपाशी (डोक्याजवळच्या, तारा टेकतात त्या पट्टीपाशी) रुंदी १ पूर्णांक ५/८ इंच, ४१ मिमीच्या आसपास. व्हर्नियर लावला, बरोबर. हा महिना मानेचा, गिटार पुरी जोडली गेली कधी ते यावरून ठरत नाही. मालकाला मात्र सांगितलं, सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या याच महिन्यातली आहे. खूश झाला.

खोबणीत कुणीतरी काडेपेटीच्या झाकणाचा तुकडा दुमडून सारला होता. उंची कमी करायचा जुना उपाय. पुठ्ठा अर्ध्या खोबणीतच असल्यामुळे मान दोन टोकांवर टेकलेली आणि मधे पोकळी. काढून टाकला.

१३ ऑक्टोबर, रविवार

उंची कमी करायला खोबणीत लाकडाची पाचर घालायची, पण ती आज कापायची नाही. आधी उंची वाढली का, ते शोधायचं.

लांब सरळपट्टी साउंडहोलच्या दोन्ही बाजूंनी टॉपवर ठेवली. मानेचा ठोकळा आत कलला असता तर साउंडहोलच्या आसपास टॉप खचलेला दिसला असता. तसं काही नाही, तिथे सपाट. घोडीमागे मात्र पोट सुटलेलं. म्हणजे मान आणि तिचा ठोकळा जागच्या जागी, टॉप फुगला आणि त्याने घोडी वर उचलली. हे लिहून ठेवतो, पुढे लागेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ब्रेस. आत हात घालायचा तर नळी आडवी येते. मधोमध असल्यामुळे कोपर वाकवायलाच जागा नाही. ज्याने ही कल्पना काढली त्याने दुरुस्तीवाल्याचा हात गृहीत धरला नसणार. लिओ स्वतः दुरुस्तीवाला असून हे व्हावं याचं नवल वाटतं.

घोडीच्या पाठीमागची ब्रेस जवळपास बोटभर लांबीत सुटली आहे. फटीत कागद सरकवून कुठपर्यंत ते पाहिलं. जुना सरस कुरकुरीत होऊन पावडर झाला होता. पातळ पात्याने खरवडून काढला, गॅरेजमधल्या हवेच्या पंपाने फुंकला.

नवा सरस ६० अंशांच्या आसपास तापवून ठेवला. गरम सरसाची गंमत अशी की तो गोठायला लागला की तुमच्याकडे फक्त काही क्षण असतात, म्हणून क्लॅम्प आधी कोरडे लावून रंगीत तालीम करायची. नळीखालून क्लॅम्प जात नव्हता. शेवटी लाकडाची छोटी टेकू-काठी कापली, एक टोक पाठीच्या आतल्या बाजूला, दुसरं ब्रेसखाली, आणि वरून टॉपवर वजन. बसली. रात्रभर तसंच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

चीर बंद केली. आधी आठवडाभर गिटारीच्या पोटात ओला स्पंज डबीत घालून ठेवला होता, लाकूड फुगून चीर आपोआप मिटत आली. सरस आत चोळला, पुसला, खालून स्प्रूसचे छोटे चौकोन आडव्या रेषेत चिकटवले. खोबणीतल्या न दिसणाऱ्या जागी थिनरचा थेंब टाकून पाहिला होता, फिनिश विरघळतं, म्हणजे नायट्रो लॅकर, जुन्या पद्धतीचं वार्निश. तेव्हा वरची रेषा त्याच जातीच्या लॅकरने थेंबाथेंबाने भरता येईल. पुढच्या आठवड्यात दिवाळी, पॉलिश नंतर.

६ नोव्हेंबर, बुधवार

सांता ॲनाचे वारे सुरू. वाळवंटाकडून येणारी कोरडी, तापट हवा. व्हेंचुरा काउंटीत आज मोठी आग लागली आहे. इथे गॅरेजमधल्या काट्यावर आर्द्रता ११ टक्के. पन्नासला सुखी असणारं लाकूड ११ टक्क्यांत आक्रसतं आणि फाटतं. ही चीर अशाच कुठल्यातरी शरद ऋतूची देणगी असणार. गिटार घरात आणून पेटीत बंद केली, स्पंज ओला केला.

९ नोव्हेंबर, शनिवार

काका आले होते. निवृत्त इंजिनीअर, उभं आयुष्य विमानांच्या सांगाड्यांवर काढलेलं, गिटारीतलं काही कळत नाही असं स्वतःच सांगतात. फराळाचा डबा परत द्यायला आले ते आरसा घेऊन गिटारीत डोकावायला बसले.

"ही नळी कशाला रे?"

म्हटलं, "तारांचा ताण घ्यायला. बाराच्या सेटचा, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या बारा हजारांशाची असलेल्या सहा तारांचा, एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. तो नळीने घेतला की टॉप हलका ठेवता येतो, मोकळा वाजतो, अशी कल्पना."

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तार अडकवलीय कुठे?"

"घोडीला."

"घोडी कशावर?"

"टॉपवर."

"मग नळीला विचारतंय कोण? तार घोडीला पुढे ओढणार, घोडी पुढे कलणार, मागचा टॉप उचलणार. तुझं पोट सुटलंय ते त्याच्यामुळे. नळी घोडीला शिवलेली पण नाहीये. ती फक्त पुढचा ठोकळा आणि मागचा ठोकळा एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर ठेवणार. पुढचा ठोकळा वळू देणार नाही, बस."

१३ तारखेची नोंद दाखवली त्यांना. ठोकळा हललेला नाही, पोट सुटलंय. "मग बरोबर आहे की," म्हणाले आणि चकलीकडे वळले.

ते गेल्यावर यावर बराच विचार केला. ठोकळा वळणं आणि मानेचा कोन बिघडणं हा चिकटवलेल्या मानेच्या गिटारीचा जुना आजार. नळी त्याच आजारावरचं औषध. पण या गिटारीची मान तर स्क्रूवर आहे! कोन बिघडला तर चार स्क्रू सोडा, पाचर घाला, आवळा. ज्याचा इलाज सगळ्यात सोपा होता, त्याच आजारासाठी त्यांनी पोटात धातूचा बंदोबस्त केला. आणि टॉपला, जिथे खरा ताण येतो, तिथे त्याचा उपयोग नाही. वजन वाढलं, दुरुस्तीवाल्याचा हात अडला. दोन चांगल्या कल्पना होत्या, पण दोघींना एकमेकींची गरज नव्हती. मला वाटतं, फेंडरवाल्यांनाच स्वतःच्या मानेवर पुरता भरवसा नव्हता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ब्रेस धरून आहे. पोट थोडं बसलं. जुन्या तारा चढवून मोजलं: बाराव्या फ्रेटवर ३.४ मिमी. पाहिजेत २.४.

हिशेब. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायचा तर सॅडलपाशी (घोडीवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीपाशी) २ मिमीचा फरक पाहिजे. मान अंगाला मिळते तिथून सॅडलपर्यंत सुमारे २९० मिमी, खोबणीची लांबी ७५ मिमी. २ ला २९० ने भागून ७५ ने गुणलं की ०.५ मिमी. एवढीच पाचर. घोडीकडच्या टोकाला अर्धा मिलिमीटर, मानेकडे शून्य.

मेपलची पातळ पट्टी तिरप्या ठोकळ्यावर चिकटवून पॉलिश पेपरवर घासली. पाचर पूर्ण खोबणीभर आहे, त्यामुळे लाकडाला लाकूड सगळीकडे टेकतं. काडेपेटीच्या पुठ्ठ्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. स्क्रूंच्या जागी भोकं पाडून बसवली. मान आवळली. २.४.

मार्टिनच्या एका मानेला जेवढा वेळ नुसती वाफ द्यायला लागतो, तेवढ्यात सगळं आटोपलं. आणि हीच मान बघून त्या काळी दुकानदार नाकं मुरडायचे. टेलर कंपनीने सत्तरच्या दशकात अकूस्टिकच्या माना बोल्टवर बसवायला सुरुवात केली, १९९९ मध्ये ती पद्धत आणखी सुधारली, आणि आज कुणी त्यावर शंका घेत नाही. फेंडरची मान इलेक्ट्रिकसारखी *दिसत* होती, हाच तिचा गुन्हा.

२४ नोव्हेंबर, रविवार

फ्रेट सपाट केल्या, गोलाई दिली, चकाकी आणली. नेहमीचं काम, लिहिण्यासारखं काही नाही. जाम खुंट्यांत घड्याळाचं तेल. एक सुटली, दुसरी अजून कुरकुरते.

सॅडल नवा कोरला, हाडाचा. पहिल्यांदा वाजवली तेव्हा चौथ्या तारेवर झणझण. सॅडलची माथ्याची धार किंचित सपाट राहिली होती, तार तिच्यावर घासत होती. मिरजेचे तंबोरेवाले हाच नाद मुद्दाम काढायला घोडीवर तासन्‌तास घासतात. इथे जवारी नको, तेव्हा मागच्या बाजूला उतार दिला. गेली.

लॅकरचे थेंब भरून चिरेवरून पॉलिश. उजेडात तिरपं धरलं तर रेष दिसते. दिसू दे.

७ डिसेंबर, शनिवार

बाराच्या नव्या तारा, दोन आठवड्यांचा मुरवणीचा काळ झाला. आज मालक आला, त्याच्याबरोबर एक मित्र स्वतःची मार्टिन डी-१८ घेऊन. तीही महोगनीची, म्हणजे तुलना अगदीच अन्यायाची नाही.

मार्टिन बेसमध्ये खोल. बोटाने एकेक सूर छेडला तर तो फुलत जातो, खोलीभर होतो. किंगमनचा सूर चटकन येतो आणि चटकन आवरतो. बेस आटोपशीर, मधले सूर पुढे, वरच्या तारांना जरा धातूची किनार. एकटी वाजवायला मला मार्टिनच द्या. पण मित्राने गायला सुरुवात केली आणि मालकाने मागे किंगमनवर ठेका धरला तेव्हा गोष्ट पालटली. आवाजाच्या वाटेत गिटार कुठेच येत नव्हती, ठेका मात्र प्रत्येक मात्रेला स्पष्ट. रेकॉर्डिंगवाल्यांना अशा गिटारी का आवडतात ते कळलं.

नळी वाजते का तेही तपासलं. साउंडहोलमधून फोमची पट्टी तिच्यावर गुंडाळली, वाजवली, काढली, पुन्हा वाजवली. पाठ करून बसलेल्या दोघांनाही फरक सांगता आला नाही. मालक म्हणाला, "मग काढूनच टाक ना." नाही काढणार. सत्तावन्न वर्षं अंगाने तिच्या आधाराची सवय करून घेतली आहे, आणि विकायची वेळ आली तर घेणारा आधी आरसा घालून तीच शोधेल. नळी तशीच ठेवली, फोम काढला.

जाता जाता रॉसमाइस्लची आणखी एक गोष्ट सांगितली, कारण मित्र बीटल्सवेडा निघाला. जॉर्ज हॅरिसनने ३० जानेवारी १९६९ च्या गच्चीवरच्या त्या कार्यक्रमात वाजवलेली रोजवुडची टेलिकास्टर याच माणसाने, त्याचा शागीर्द फिल क्युबिकी याला बरोबर घेऊन बनवली होती. त्याच सुमाराला फुलर्टनमध्ये या अकूस्टिकही बाहेर पडत होत्या. रॉसमाइस्ल पुढे जर्मनीला परत गेला, १९७९ मध्ये वारला. मित्राने त्यानंतर किंगमन पुन्हा हातात मागून घेतली.

८ डिसेंबर, रविवार

पेटीत ठेवायची चिठ्ठी, मालकासाठी:

तारा बाराच्याच, त्याहून जाड नकोत. पोटाचा ताण नळी घेत नाही, लक्षात ठेव. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पेटीतला स्पंज ओला, आर्द्रता ४५ ते ५०. गाडीच्या डिकीत ठेवू नये, इथल्या उन्हात सरस सुटतो. पाठीवरचे चार स्क्रू स्वतः आवळू नये. सैल वाटले तर फोन कर. पाचरीची मापं प्लेटच्या आत पेन्सिलने लिहिली आहेत, पुढच्या दुरुस्तीवाल्याला उपयोगी पडतील. मूळ सॅडल आणि काडेपेटीचा तुकडा पाकिटात घालून पेटीतच ठेवलाय, टाकू नको.

तिसरी खुंटी अजून कुरकुरते. त्याच काळातली जुनी जोडी मिळाली तर बदलू, नवी लावायची नाही.